सारवणाखालची जमीन

मंडळी, आज जरा भांडायलाच बसले आहे. नेहमीसारखे जुने शब्द, शाळेतल्या गमतीजमती असे काही आज नाही. ज्यांना डोळ्यांच्या तपासण्यांचा कंटाळा येतो त्यांनी पुढच्या खेपेला यावे, राग नाही. पण ज्यांच्या घरात चष्मा लावणारी, लग्नाच्या वयाची पोरे आहेत त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावे. आमच्या घरच्यांनी तर वाचावेच, कारण भांडण त्यांच्याशीच आहे.

वाद असा आहे. माझ्या भाच्याची मुलगी २३ वर्षांची. दोन्ही डोळ्यांना उणे साडेचारचा नंबर, शिवाय थोडा सिलिंडर. फेब्रुवारीत लग्न. लग्नाआधी लेसर करून चष्मा घालवायचा हे घरात हॉल ठरायच्या आधीच ठरले होते. एका ठिकाणी दाखवले. त्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले, लेसर करू नका, सहा महिन्यांनी पुन्हा या. मग घरातले दुसरीकडे गेले. तिथे तासाभरात सगळे उरकले आणि सांगितले, काही प्रॉब्लेम नाही, तारीख घेऊन टाका. दोन्ही डोळ्यांना मिळून सवलतही आहे म्हणे. झाले! पहिले डॉक्टर उगाच घाबरवणारे आणि दुसरे अनुभवी, असा निकाल आमच्या घरातल्या न्यायालयाने चहाच्या एका कपात देऊन टाकला.

(पोरीला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "आत्याआजी, लिही तू. मला कोणी नीट सांगतच नाहीये." म्हणून हा खटाटोप.)

पहिल्यांनी "नाही" कशाच्या जोरावर म्हटले आणि दुसऱ्यांनी "हो" कशाच्या जोरावर म्हटले, हे घरात कोणीही विचारले नाही. मी विचारले तर भाचा म्हणाला, "आत्या, तू काय डॉक्टर आहेस का?" नाही रे बाबा. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, जन्मभर पोरांना इतिहास आणि व्याकरण शिकवलेली बाई आहे मी. पण कागद वाचायची सवय आहे, आणि न कळलेला शब्द तसाच सोडून पुढे जायची सवय नाही. दोन्हीकडचे कागद मागून घेतले, आठवडाभर वाचले, एका परिचित निवृत्त नेत्रतज्ज्ञांना फोनवर इतके पिडले की ते शेवटी "बाई, तुम्ही परीक्षेला बसता का?" म्हणाले. तर जे कळले ते सांगते.

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढची पारदर्शक काच. आपण बोलताना बुबुळ म्हणतो खरे, पण बुबुळात आपण मागचा काळा-तपकिरी पडदाही धरतो. पुस्तकात स्वच्छमंडल असा सुंदर शब्द आहे, पण तो एकाही दवाखान्यात ऐकला नाही. म्हणून कॉर्नियाच म्हणते. ही काच मधोमध साधारण ५४० मायक्रॉन जाड असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा कागद सुमारे १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे पाच-सहा कागद एकावर एक ठेवले की झाला आपला कॉर्निया.

त्यातला जवळजवळ ९० टक्के भाग म्हणजे मधला स्ट्रोमा, चिवट तंतूंचा. कॉर्नियाचा आकार टिकवायचे काम मुख्यतः त्याचे. त्याच्यावर, हवेच्या बाजूला, पेशींच्या पाच ते सात थरांची एक साय असते. तिला एपिथेलियम म्हणतात. जाडी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे त्या झेरॉक्सच्या कागदाच्याही निम्मी. या पेशी सतत झडतात आणि नव्या येतात, आठवडा-दहा दिवसांत सगळी साय नवी. डोळ्यात कण जाऊन ओरखडा उठला तरी दोन-तीन दिवसांत बरे वाटते ते हिच्यामुळेच.

आता मुख्य मुद्दा. आमच्या माहेरी मातीची जमीन होती. पावसाळ्यानंतर तिला कुठे खळगे पडायचे, कुठे उंचवटे यायचे. आई सारवायला बसली की हात एका लयीत फिरायचा. खळग्यात शेणकाला जास्त बसायचा, उंचवट्यावर नावापुरता. वाळल्यावर जमीन कशी सपाट, गुळगुळीत दिसायची. पाहुणे म्हणायचे, काय छान जमीन आहे! खालची जमीन होती तशीच असायची.

कॉर्नियावरची ही साय नेमके तेच करते. खाली स्ट्रोमाला खोलगटपणा असेल तिथे ती जाड होते, उंचवटा असेल तिथे पातळ होते. पापणी दिवसातून हजारो वेळा तिच्यावरून फिरत असते, त्या घासण्याचा यात वाटा आहे असे जाणकार मानतात. निरोगी डोळ्यातही ती सगळीकडे सारखी नसते. डॅन राइनस्टाइन नावाच्या डॉक्टरांनी २००८ साली निरोगी डोळ्यांची मोजणी प्रसिद्ध केली, त्यात मध्यभागी सरासरी ५३ मायक्रॉनच्या आसपास जाडी आली आणि वरच्या बाजूपेक्षा खालची बाजू पाच-सहा मायक्रॉनने जाड निघाली. वरची पापणी जास्त घासते, म्हणून असावे असे त्यांचे म्हणणे. म्हणजे सारवणारा हातही कुठे जड, कुठे हलका पडतो!

केराटोकोनस नावाचा एक विकार आहे. त्यात स्ट्रोमा एका ठिकाणी, बहुधा मध्याच्या थोडा खाली, अशक्त आणि पातळ होत जातो आणि तिथे कॉर्निया शंकूसारखा पुढे येऊ लागतो. बहुतेकांत तो किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो. नंबर वाढतो, सिलिंडर वाढतो, पुढे चष्म्यानेही नीट दिसेनासे होते. आता या उंचवट्यावर साय काय करणार? आईच्या हातासारखेच. उंचवट्याच्या माथ्यावर पातळ होणार आणि भोवती कडे करून जाड होणार. राइनस्टाइनसाहेबांनी याला डोनटची उपमा दिली. आपण मेदूवडा म्हणू, मध्ये भोक आणि भोवती फुगीर. या मेदूवड्यामुळे वरून पाहणाऱ्याला शंकू आहे त्यापेक्षा बसका दिसतो. विकार खूप पुढे गेला की कोणालाही दिसतो, त्याला यंत्र लागत नाही. अगदी सुरुवातीला, जेव्हा दिसणे सर्वांत गरजेचे असते, तेव्हाच तो सारवणाखाली झाकला जाण्याचा संभव असतो.

बरे, नेहमीच्या तपासण्या काय पाहतात? एक आहे वर्तुळांची. पोर्तुगालच्या प्लासिडो नावाच्या गृहस्थांनी १८८० च्या सुमारास काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी केली, तिचेच आजचे संगणकी रूप. वर्तुळांचे प्रतिबिंब डोळ्यावर कसे पडते त्यावरून आकार काढतात. प्रतिबिंब पडते कुठे? सर्वांत वरच्या अश्रूंच्या थरावर. म्हणजे दिसते ते सारवण. दुसरी तपासणी पेंटाकॅमसारख्या यंत्राची. ती कॉर्नियाची पुढची आणि मागची अशी दोन्ही पृष्ठे पाहते आणि एकूण जाडी देते. ही फार उपयोगाची आहे, कारण पुष्कळदा गडबडीची पहिली खूण मागच्या पृष्ठावर दिसते. पण पुढचे पृष्ठ म्हणून तिलाही सारवणाचाच माथा दिसतो, आणि एकूण जाडीत सारवण किती व जमीन किती, ही फोड मिळत नाही.

ही फोड करायची पहिली रीत ध्वनिलहरींची. फार उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरी वापरून राइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जिवंत डोळ्यातल्या एपिथेलियमची जाडी मोजली. त्यासाठी डोळा द्रवात बुडलेला ठेवावा लागतो, म्हणून ती रीत घरोघरी झाली नाही. नंतर आली ओसीटी. डेव्हिड ह्वांग आणि सहकाऱ्यांचा ओसीटीवरचा पहिला निबंध १९९१ सालचा. डोळ्यात अवरक्त प्रकाश सोडायचा, निरनिराळ्या थरांवरून तो परत येतो त्यावरून कुठला थर किती खोल हे ठरवायचे. डोळ्याला काही लावायचे नाही, दुखत नाही, काही सेकंदांत होते. त्याच ह्वांग यांच्या गटाने २०१२ साली निरोगी आणि केराटोकोनसच्या डोळ्यांतल्या एपिथेलियमचे नकाशे ओसीटीने काढून दाखवले. आज पुष्कळ मोठ्या नेत्र-दवाखान्यांत हा नकाशा निघतो.

तर पहिल्या डॉक्टरांकडच्या कागदात हा नकाशा आहे. दुसऱ्यांकडच्या कागदात नाही. वर्तुळांची तपासणी आणि एकूण जाडी, एवढ्यावर "काही प्रॉब्लेम नाही".

पहिल्या कागदात काय आहे ते सांगते. डाव्या डोळ्यात, खाली आणि बाहेरच्या बाजूला एपिथेलियम ४४ मायक्रॉन, आणि त्याच्या आजूबाजूला ५५-५६. खालची बाजू जाड असायला हवी, इथे तिच्यातच खड्डा. तेवढ्यावर काही ठरत नाही. पण दुसऱ्या यंत्राच्या कागदावर मागच्या पृष्ठाचा जो उंचवटा आहे तो नेमका त्याच जागी आहे. दोन वेगळ्या यंत्रांनी एकाच जागी बोट ठेवले. डॉक्टर एवढेच म्हणाले की ही जागा संशयाची आहे, थांबून पुन्हा मोजू. मुलीला केराटोकोनस आहे असे ते म्हणालेच नाहीत. आमच्या घरात मात्र "मुलीला रोग सांगितला" असा त्याचा प्रचार झाला.

आता दुसऱ्यांचे गणित बघा, तेही मी करून पाहिले, कारण ते अवघड नाही. लासिकमध्ये वरची एक चकती कापून उचलतात, ती धरा ११० मायक्रॉन. मग खालचा भाग लेसरने घडवतात. ६ मिलिमीटर रुंदीच्या क्षेत्रासाठी दर नंबराला साधारण १२ मायक्रॉन जातात, म्हणजे साडेचारला ५४. पोरीच्या डाव्या कॉर्नियाची सर्वांत पातळ जागा ५१४. त्यातून ११० गेले, ५४ गेले, उरले ३५०. खाली निदान २५० उरावेत, शक्यतो ३००, असा दंडक आहे. म्हणजे बक्कळ उरतात. गणित बरोबर आहे, एकही आकडा चुकलेला नाही. माझी तक्रार आहे ती एकूण बेरजेवर निकाल लावण्याबद्दल. शाळेत आम्ही टक्केवारी चांगली असलेल्या पोरालाही एका विषयात नापास असेल तर सरसकट वर घालत नव्हतो. ५१४ मायक्रॉन ही टक्केवारी आहे. डाव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यातला विषय कच्चा आहे की नाही, हे ती सांगत नाही.

आणि कच्च्या जागेवर लेसर केला तर काय होते? उरलेला स्ट्रोमा दाबाला पुरा पडत नाही आणि हळूहळू पुढे येऊ लागतो. लासिकनंतर असे झालेले रुग्ण थिओ झायलर या जर्मन डॉक्टरांनी १९९८ साली नोंदवले. त्याला एक्टेशिया म्हणतात. हे फार थोड्यांना होते, आणि लक्षावधी लोक लेसर करून सुखात आहेत हे मला मान्य आहे. मी लेसरच्या विरुद्ध नाही. पण ज्याला होते त्याची नजर पुढे चष्म्याने पुरती सुधारत नाही, कडक लेन्स लावाव्या लागतात, क्वचित कोणाला दुसऱ्याचा कॉर्निया बसवावा लागतो. घालवायला गेलो चष्मा आणि वेळ अशी यावी की चष्मा चालला असता तर बरे झाले असते! आणि हे फार थोड्यांना होते ते कशामुळे? आधी तपासून काही जणांना "नाही" म्हटले जाते, याचा त्यात मोठा हात आहे. ते "नाही" आपण मोडीत काढायचे आणि त्यातून आलेला थोडेपणा मात्र आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगायचा, हा कुठला न्याय?

एक गंमत सांगते. या लेसरच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे. मद्रासकडचे रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएममध्ये होते. १९८१ साली त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर लेसर चालवून पाहिला आणि तो आजूबाजूला न जाळता स्वच्छ कोरतो असे दिसले. पुढे तोच डोळ्यावर आला. हा लेसर एका ठोक्यात सुमारे पाव मायक्रॉन काढतो. पाव मायक्रॉन! इतक्या बारकाईने कोरणारे हत्यार हातात घ्यायचे आणि खाली दहा-बारा मायक्रॉनचा फरक आहे तो बघायचा नाही, हे मला पटत नाही.

आता घरातल्या आक्षेपांकडे येते.

"हल्ली यंत्रे आली म्हणून रोग निघतात." हा आपल्याकडचा आवडता डायलॉग. पण या नकाशाची खुबी अशी की तो दोन्हीकडे बोलतो. समजा वर्तुळांच्या तपासणीत खालचा भाग फुगीर दिसला आणि नकाशात तिथेच एपिथेलियम जाड निघाले. म्हणजे फुगवटा सारवणातच आहे, जमीन ठीक आहे. लेन्स वापरून वापरून, डोळा कोरडा पडून असे होते. मग ज्याला एरवी संशयाने परत पाठवले असते त्याचा संशय या नकाशामुळे कमी होतो. अशा दोन्ही बाजू सांगणाऱ्या साक्षीदाराला तुम्ही फक्त घाबरवणारा कसे म्हणता?

"तपासण्या म्हणजे पैसे काढायचे धंदे." धंदे आहेतच, मी काय आंधळी आहे का? पण इथे हिशेब उलटा आहे. "नाही" म्हणणाऱ्याचे ऑपरेशनचे पैसे बुडाले. "हो" म्हणणाऱ्याला मिळणार आहेत. पैशाचा संशय घ्यायचाच तर कोणाचा घ्यावा, एवढे तरी बघा.

"शेजारच्या वहिनींनी पंधरा वर्षांपूर्वी केले, असला नकाशा कोणी काढला नव्हता, काही झाले नाही." वहिनींचा स्ट्रोमा चांगला होता, एवढेच त्यातून कळते.

"आपल्याकडे असले विकार विरळा." हेही तपासून पाहिले. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या तिशीच्या पुढच्या साडेचार हजारांहून जास्त लोकांची तपासणी करून २००९ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के आले. शंभरात दोन! पण इथे मी माझ्याच बाजूच्या आकड्याला टोचणी लावते, कारण लबाडी करायची नाही. त्या पाहणीत कॉर्नियाची वक्रता ठरावीक आकड्यापुढे गेली की केराटोकोनस धरला होता. नुसत्या वक्रतेवर काही निरोगी पण लहान, बाकदार डोळेही आत येऊ शकतात, आणि सारवणाखाली झाकलेले सुरुवातीचे रोगी बाहेर राहू शकतात. म्हणजे २.३ हा आकडा दोन्ही बाजूंनी हलणारा आहे. पण "आपल्याकडे नसते" असे म्हणायला तो वाव देत नाही, एवढे नक्की.

या विकाराचा डोळे चोळण्याशी संबंध आहे. ॲलर्जीने डोळे खाजणारी, तासभर मुठीने डोळे चोळत बसणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ज्या मुलाचा सिलिंडर दरवर्षी बदलतो आणि चष्मा नवा असूनही फळ्यावरचे धड दिसत नाही, त्याला आळशी म्हणण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे, असे आज शिकवणाऱ्यांना माझे सांगणे आहे. वेळेत कळले तर थांबवायचा उपाय आता आहे. ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी तो शोधला, २००३ मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध झाले. रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून वर अतिनील किरण द्यायचे, त्याने स्ट्रोमाचे तंतू एकमेकांना घट्ट बांधले जातात. त्याने बिघडलेला आकार पहिल्यासारखा होत नाही, पण बहुतेकांत बिघडणे थांबते. म्हणूनच लवकर कळण्याला किंमत आहे. लपवून ठेवलेल्या वर्षात जे गेले ते परत येत नाही.

लपवण्याचा विषय निघालाच आहे तर शेवटचा आक्षेप घेते. तो कोणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्या भांडणाचे मूळ तोच आहे. भाच्याची बायको मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण संशय आहे असं लिहिलेला कागद उद्या त्यांच्या हातात पडला तर? मुलीच्या डोळ्यात दोष आहे म्हणतील. तो कागद मला घरातही नकोय."

तिच्यावर मी रागावू शकत नाही. चष्म्याची मुलगी नको असे तोंडावर सांगणारी स्थळे आमच्या पिढीने पाहिली आहेत, आणि जग फार बदलले आहे असा माझा समज नाही. पण सूनबाई, दुसऱ्या डॉक्टरांचे "हो" तुम्हाला इतके आवडले ते त्यांनी मोजले म्हणून, की त्यांनी मोजले नाही म्हणून? कागद फाडला म्हणून ५५ च्या शेजारचे ४४ काही ५५ होणार नाही. आणि पुढे काही झालेच तर ते लग्नानंतर होईल, त्या घरात होईल, आणि तेव्हा "आधी माहीत होते का" हा प्रश्न पोरीला एकटीला विचारला जाईल. त्यापेक्षा आज चष्मा लावून, हसऱ्या चेहऱ्याने फोटो काढलेले काय वाईट? जावईबापूंनी साखरपुड्याला तिला चष्म्यातच पाहिले आहे आणि पसंतही केले आहे. त्यांना कोणी विचारले का चष्मा घालवायचा म्हणून? मी विचारले. ते म्हणाले, "मला काहीच प्रॉब्लेम नाही, तिलाच हवंय असं वाटलं." आणि पोरगी म्हणते, "आईबाबांना हवंय असं वाटलं." आता बोला!

पहिल्या डॉक्टरांनाही मी सोडणार नाही. तुमचे निदान सावधपणाचे आहे, मान्य. पण तीन मिनिटांत, सगळे इंग्रजीतून सांगून, लाल-हिरव्या नकाशाचा कागद हातात देऊन "सस्पेक्ट" एवढाच शब्द वर लिहून पाठवलेत. समोर घाबरलेले आईबाप बसले आहेत, त्यांना एक वाक्य मराठीत सांगितले असते की रोग आहे असे मी म्हणत नाही, एका जागेची शंका आहे, थांबलो तर नुकसान काही नाही, तर ते दुसरीकडे धावले नसते. जो नकाशा पाहून तुम्ही "नाही" म्हणता तो नकाशा पेशंटला समजला पाहिजे. मला, सत्तरी उलटलेल्या बाईला, आठवडाभरात समजला. तेवढा अवघड नाही तो.

नकाशाच्या मर्यादाही सांगते, नाहीतर उद्या कोणीतरी ४४ चा आकडा घेऊन रडत बसेल. ओसीटीच्या या आकड्यात वरचा अश्रूंचा थरही धरला जातो, म्हणून मोजण्याच्या जरा आधी थेंब घातले की आकडा हलतो. एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी सरळ जुळवता येत नाही. कोरडा डोळा, जुना ओरखडा, कॉन्टॅक्ट लेन्स, सगळ्यांचा परिणाम होतो. म्हणून एकट्या आकड्यावर कोणी शहाणा डॉक्टर निकाल देत नाही. आकाराचा नकाशा, मागचे पृष्ठ, वय, नंबर स्थिर आहे की नाही, घरात कोणाला आहे का, हे सगळे एकत्र बघतात. आणि म्हणूनच सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर पुन्हा मोजायचे.

लेन्सवरून आठवले. पहिल्या ठिकाणी पोरीला आधी दोन आठवडे लेन्स बंद ठेवायला सांगितले होते, मगच मोजले. दुसऱ्या ठिकाणी ती सकाळी कॉलेजात लेन्स लावून गेली होती, तिथून थेट तपासायला गेली, तिथे लेन्स काढली आणि पाच मिनिटांत मोजणी झाली. हे तिनेच मला सांगितले. लेन्स सारवणही दाबते आणि आकारही बदलते. मंडळी, बाकी सगळे राहू द्या, एवढ्या एका गोष्टीवरून कुठला कागद धरायचा हे मला ठरवता येते.

तारीख अजून दोन आठवड्यांवर आहे. माझे म्हणणे एवढेच की पोरीने आजपासून लेन्स बंद ठेवाव्यात, आणि तुम्ही तिघांनी पहिल्या ठिकाणचा नकाशा घेऊन दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसावे. त्या ४४ वर बोट ठेवून विचारावे की ही जागा पातळ का आहे, आणि मागचा उंचवटा नेमका इथेच का आहे. ते नकाशा पुन्हा काढतो म्हणाले तर उत्तम, खर्च मी देते. हा शंकू नाही असे त्यांनी कारणासकट लिहून दिले आणि पहिल्या डॉक्टरांनाही ते पटले, तर मी गप्प बसेन आणि पेढेही मीच आणीन. नकाशा बघायला त्यांना वेळ नसेल, तर मात्र तारीख रद्द करायचा फोन भाच्याने तिथूनच करावा.